अंगठ्यासमोरची खुर्ची

आमच्या जिरायती भागात 'नैतिकता' हा शब्द कुणाच्या तोंडी नसे. तो शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारात असायचा. पण पैशाच्या बाबतीत माणूस कसा आहे हे सांगायला गावाकडं शब्दांची कमी नव्हती. कुणी व्यवहाराला 'चोख' असे, कुणी 'पक्का'. चोख म्हणजे ज्याचं देणं-घेणं दिवसाउजेडी, चार माणसांत सांगता येईल असं. पक्का म्हणजे ज्याच्या हातून दमडी सुटत नाही. दोन्ही शब्द ऐकायला कौतुकाचेच. पण माझी आजी एखाद्याला 'लई पक्का हाय तो' म्हणायची, तेव्हा त्यात कौतुकापेक्षा इशारा जास्त असायचा.

तिसरा शब्द होता 'पत'. दुकानात उधारी मिळते ती पत, आणि चावडीवर मान मिळतो तीही पतच. 'त्याची पत गेली' म्हटलं की दोन्ही गेलं असं समजायचं. आणि ही पत घेणाऱ्याची जशी असे, तशी देणाऱ्याचीही असे. मापात मारणारा दुकानदार, खतात जास्त आकडा लिहिणारा सावकार, यांच्याकडं माणसं गरजेपोटी जात, पण त्यांची पत सगळ्यांना ठाऊक असे. आता मोबाइलवर क्रेडिट स्कोअर नावाचा आकडा दिसतो. तो कर्ज घेणाऱ्याची पत मोजतो. देणाऱ्याची पत मोजणारा तसला आकडा कर्ज घेणाऱ्याच्या मोबाइलवर येत नाही.

मी तालुक्याच्या गावी कॉमर्सच्या पदव्युत्तर वर्गाला शिकवतो. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात वित्तव्यवहारातल्या नीतिमूल्यांवर एक प्रकरण आहे. त्याची मांडणी ठरलेली : व्याख्या, महत्त्व, आचारसंहिता, नियामक संस्था, शिक्षा. उदाहरणंही ठरलेली. १९९२ चा शेअर घोटाळा, नाहीतर सत्यम. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंनी पत्र लिहून ताळेबंदातले आकडे खोटे असल्याची कबुली दिली, हे मुलांना तोंडपाठ असतं. दहा मार्कांचं उत्तर चांगलं जमतं.

पण माझ्यासमोर बसलेल्या मुलामुलींपैकी कुणी उद्या शेअर बाजार हलवणार नाही, की हजारो कोटींची कंपनी चालवणार नाही. कुणी पतसंस्थेत कारकून होईल. कुणी मायक्रोफायनान्सच्या कंपनीत मोटारसायकलवरून वाड्यावस्त्या फिरून हप्ते गोळा करील. कुणी विम्याचा एजंट, कुणी दुचाकीच्या शोरूममध्ये कर्जाच्या टेबलावर, कुणी बँकेत एजन्सीमार्फत कंत्राटी. त्यांच्यापुढं येणारा नीतीचा प्रश्न कोटींचा नसेल. दोनशे, पाचशे, दोन हजार रुपयांचा असेल; पण रोज असेल. आणि समोर बसलेला माणूस बहुतेक वेळा त्यांच्या बापासारखा दिसणारा असेल.

म्हणून मी हे प्रकरण सत्यमपासून सुरू करत नाही. सुप्यापासून करतो.

सुपं आमच्याच बारामती तालुक्यातलं. मुलं तिथल्या स्टँडवर चहा प्यालेली असतात, पण १२ मे १८७५ ला तिथं काय झालं हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतले शेतकरी सुप्याच्या बाजारपेठेत जमले आणि त्यांनी सावकारांकडं वह्या आणि कर्जरोखे मागितले. जे हाती लागलं ते जाळलं. दुकानं लुटली, काही घरं पेटवली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. माणसांपेक्षा कागदावर राग जास्त निघाला, हे त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं.

कागदावर राग का, हे समजून घ्यायला जरा मागं जावं लागतं. अमेरिकेत यादवी सुरू झाली तेव्हा इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनी उचल घेतली. १८६५ ला यादवी संपली, भाव पडले. वर सरकारनं शेतसारा वाढवला. आणि नेमक्या त्या वेळी सावकारांनी हात आखडता घेतला.

आपल्याकडं 'दामदुप्पट' हा जुना नियम होता. व्याज कधीही मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. शंभर दिले तर फार तर दोनशे. पुढं १८५९ मध्ये इंग्रजांनी मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षांपुरताच चालेल, म्हणजे व्याज साठत जाणार नाही, असा हेतू. सावकारांनी काय केलं, तर दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायचं. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं, आणि त्या नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज. कागदावर दरवेळी मुद्दल वेगळं, त्यामुळं दामदुप्पट कुठंच मोडलेली दिसत नाही. दंग्यानंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्याच्यापुढं आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लावलेलं होतं.

हे फळ्यावर मांडलं की वर्ग गप्प होतो. मग मी विचारतो, यात बेकायदा काय होतं? मुलं शोधतात. खत खरं. अंगठा खरा. साक्षीदार खरे. मुदत पाळलेली. कुळाच्या भल्यासाठी केलेला कायदा अक्षरशः पाळूनच कुळाला बुडवलेलं. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ''सर, त्याला वाचता येत नव्हतं ना.''

तिथं मला पोचायचं असतं. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला लेखणी. सगळा अन्याय या दोघांमधल्या हातभर अंतरात झाला. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, त्यानं कोर्टाला रोख्याच्या मागं जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. म्हणजे सरकारलाही पटलं, की कागद खरा असून व्यवहार खोटा असू शकतो.

इथं एक-दोन मुलं हटकून सावकाराची बाजू घेतात, आणि मला ती आवडतात. ''सर, सावकार निदान रात्री-अपरात्री पैसे तरी द्यायचा. पोराला ताप आला, बैल मेला, तर कोण देणार? बँक तर कागदं मागत बसते.'' हे खरंच आहे. सुप्याच्या रागात व्याज घेतल्याचा राग होता, तसा अडचणीच्या वेळी पाठ फिरवल्याचाही होता. जोखीम घेणाऱ्यानं मोबदला घ्यावा, यात वावगं नाही. वित्ताचा धंदा हा पापाचा धंदा, असं वर्गात शिकवलं तर तो निव्वळ ढोंगीपणा होईल, कारण उद्या याच मुलांनी त्या धंद्यात पोट भरायचं आहे. प्रश्न व्याजाचा नाही. जाणत्यानं अडाण्याच्या न कळण्यावर पैसा कमवावा का, हा प्रश्न आहे.

शहरातले मित्र म्हणतात, मोठ्या कंपन्यांत माणसाचा चेहरा दिसत नाही म्हणून नीती सुटते. खेड्यात सगळे ओळखीचे, तिथं असं होत नसणार. मला हे पटत नाही. सावकार काही परका नव्हता. त्याला कुळाच्या सात पिढ्या माहीत होत्या, पोरींची नावं माहीत होती. आजही गावात चुकीची पॉलिसी गळ्यात मारणारा बहुतेक वेळा घरातलाच असतो. मामा, मेव्हणा, नाहीतर भावकीतला. ओळखीमुळं माणूस सही करताना वाचत नाही, एवढाच ओळखीचा उपयोग होतो. चेहरा दिसल्यानं दया येते. पण दया आणि नीती एक नव्हे. दया आली म्हणून एखाद्याला सोडलं, दुसऱ्याला नाही, तर तो व्यवहार चोख नव्हे.

मग मी आजच्या काळात येतो. फळ्यावर एक साधं गणित मांडतो. एक लाख रुपये कर्ज, तीन वर्षं मुदत, 'फक्त १२ टक्के'. शोरूममध्ये सांगतात ते हेच. मुलं हिशेब करतात : वर्षाला १२ हजार, तीन वर्षांचे ३६ हजार, एकूण १ लाख ३६ हजार, भागिले ३६, महिना ३,७७८ रुपये. बरोबर. आता मी विचारतो, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यानं मुद्दल बरंचसं फेडलेलं असतं, मग व्याज अजून पुऱ्या एका लाखावर का? हा 'फ्लॅट' दर. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून तोच हप्ता तपासला, तर दर निघतो २१ टक्क्यांच्या पुढं. कॅल्क्युलेटरवर हे पहिल्यांदा बघताना मुलांचे डोळे विस्फारतात. एका वर्षी एक मुलगा हळूच म्हणाला, ''आमच्या दादाची गाडी अशीच घेतलीय.''

आता नियम आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं किरकोळ कर्जांसाठी एक माहितीपत्र सक्तीचं केलं आहे. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहायचा, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते द्यायचं. चांगला नियम आहे. पण १८५९ चा नियमही चांगल्या हेतूचाच होता. कायदा कागद देऊ शकतो. तो कागद शेवटच्या सहीच्या गठ्ठ्यात सरकवायचा, की समोर ठेवून, बोट लावून, 'काका, हा आकडा बघा' असं म्हणायचं, हे टेबलामागच्या माणसाच्या हातात राहतं. आणि त्या खुर्चीवर आता माझा विद्यार्थी बसणार आहे. आजोबाचा अंगठा होता, बापाची कशीबशी सही होती. हा घरातला पहिलाच, जो लेखणीच्या बाजूला जाऊन बसला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा लेखणीच्या बाजूला शेतकऱ्याचं पोर जवळजवळ नव्हतंच. आता आहे. म्हणून हा प्रश्न आता दुसऱ्याला विचारून भागत नाही.

या प्रकरणाला प्रकल्प म्हणून मी एकच काम देतो. घरातला किंवा शेजारचा एक कागद घ्यायचा. पीककर्जाचा, विम्याचा, बचत गटाच्या कर्जाचा, पतसंस्थेच्या ठेवीची पावती, काहीही. तो पूर्ण वाचायचा, आणि ज्याचा कागद आहे त्याला घरच्या भाषेत समजावून सांगायचा. मग त्या माणसानं काय काय विचारलं, तेवढंच लिहून आणायचं. स्वतःचं मत लिहायचं नाही.

या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. एका मुलीनं आईला गटाच्या कर्जाचं कार्ड वाचून दाखवलं. आईला सही येते, वाचता येत नाही. पण हप्ता किती, किती भरले, किती राहिले, हे तिला कार्डापेक्षा चोख ठाऊक. अडाणी म्हणायचं कुणाला, असं मुलीला वाटलं. फक्त कर्ज हातात देताना विम्याचे पैसे कापून घेतले होते, हे आईला माहीत नव्हतं. म्हणजे नवरा मेला असता तरी ती विमा मागायला गेली नसती.

एका मुलानं आजोबांची पतसंस्थेतली ठेव तपासली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेला नाही. व्याज एक-दीड टक्का जास्त मिळतं त्याच्या पोटात ही जोखीम असते. पोरानं हे सगळं सांगितल्यावर आजोबा म्हणाले, ''आरं, पाटीवर बँकेसारखंच लिवलंय की. आन् चेरमन आपलाच हाय.''

एका वहीत एकच ओळ होती. मुलानं विम्याचा कागद वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून वडील म्हणाले, ''हे सहीच्या आधी वाचायला पायजे हुतं.'' पॉलिसी विकणारा त्याचा सख्खा मामा होता. मुलानं पुढं काही लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

या सगळ्यावरून वर्गात आम्ही एक कसोटी ठरवली. ती पुस्तकात नाही. जी गोष्ट कळली असती तर समोरच्याचं 'हो' बदललं असतं, ती गोष्ट लपवायची नाही. एवढंच. पण त्यावरही भांडण झालं. एकानं विचारलं, ''त्यानं विचारलंच नाही तर? मी खोटं तर बोललो नाही.'' दुसरीनं उत्तर दिलं, ''काय विचारायचं हेच ज्याला माहीत नाही, तो विचारणार कसा?'' मला त्यापुढं बोलायची गरज पडली नाही. बैल विकतानासुद्धा जुनी माणसं खोड सांगून विकायची. 'मारका हाय बरं का' असं सांगितलं तर भाव पडतो, हे त्यांनाही कळत होतं. न सांगता विकणारेही होतेच, आणि बाजारात त्यांचं नाव कशानं घेतलं जाई हे सगळ्यांना माहीत होतं.

पण कसोटी ठरवणं सोपं आणि टार्गेट असताना पाळणं अवघड. माझा एक जुना विद्यार्थी एका बँकेच्या शाखेत एजन्सीमार्फत कामाला होता. रस्त्यात जमीन गेलेली एक म्हातारी पैसे ठेवायला आली. तिला मुदत ठेव हवी होती. वरून सांगणं होतं, की तिला विम्याची पॉलिसी द्या, महिनाअखेर होती. हा म्हणाला, ''आजी, ही ठेव नाही. ह्याचा हप्ता दरवर्षी भरावा लागंल. मधेच सोडलं तर पैसे बुडतील.'' म्हातारीनं ठेव केली आणि पदरानं डोळे पुसत गेली. याचं टार्गेट राहिलं. असं दोन-तीनदा झाल्यावर एजन्सीनं कंत्राट वाढवलं नाही. आता तो एका कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहितो, पगार पूर्वीपेक्षा कमी. तो मला भेटला तेव्हा म्हणाला, ''सर, तुमचं प्रकरण मला महागात पडलं.'' तो हसत म्हणाला, पण ते हसणं सगळं हसणं नव्हतं.

मी त्याला शाबासकी दिली नाही. शाबासकीनं घर चालत नाही. आणि नीतीवर बोलणाऱ्या माणसानं हे मान्य केलं पाहिजे, की तिची किंमत बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगाराचा माणूस मोजतो. टार्गेट ठरवणारा वातानुकूलित खोलीत असतो; त्याला म्हातारी दिसत नाही. म्हणून आता मी मुलांना एवढं जास्तीचं सांगतो : एकट्यानं हुतात्मा होणं हाच एक रस्ता नाही. नियम माहीत असले पाहिजेत. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हे ग्राहकाला सांगणं गुन्हा नाही. विमा लोकपाल कुठं असतो, रिझर्व्ह बँकेकडं तक्रार कशी करायची, हे शिकणं म्हणजेही नीती शिकणं. साहेब तोंडी सांगतो ते 'सर, एवढं मेलवर पाठवता का?' असं नम्रपणे विचारायला शिकणं, हीही नीतीच. बरेचसे चुकीचे हुकूम कागदावर येत नाहीत, कारण देणाऱ्यालाही ते चुकीचे आहेत हे कळत असतं.

पण या सगळ्या वाटा संपल्या, आणि नोकरी की म्हातारी एवढंच उरलं, तर? हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात. घरी आजारी आई असलेल्या, बहिणीचं लग्न डोक्यावर असलेल्या पोराला 'नोकरी सोड' म्हणायचा अधिकार पगार चालू असलेल्या प्राध्यापकाला नाही, असं मला वाटतं. मी एवढंच म्हणतो, की अडचण म्हणून केलं असेल तर स्वतःला ते अडचण म्हणूनच सांगा. 'सगळेच करतात', 'तिनं वाचायला हवं होतं', 'सही तर तिचीच आहे', ही भाषा तोंडात येऊ देऊ नका. कारण अडचण संपली की माणूस परत फिरू शकतो. ती भाषा एकदा तोंडी बसली की परत फिरत नाही. सुप्याचा सावकारही कोर्टात हेच म्हणत असणार : खत खरं आहे, अंगठा त्याचाच आहे.

माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांची फी कुठल्या ना कुठल्या सहीनं आलेली असते. सोसायटीचं कर्ज, गटाची उचल, आईची गहाण ठेवलेली बोरमाळ. ज्या माणसांनी न वाचता सह्या केल्या, त्यांच्याच पैशावर हा वाचायला शिकला. हे शिक्षण त्यांची ठेव आहे, असं मी मानतो. ठेव मालकाविरुद्ध वापरायची नसते, एवढं तर पतसंस्थेच्या शिपायालाही कळतं.

विद्यापीठाच्या परीक्षेत अजून 'वित्तव्यवहारातील नैतिकतेचे महत्त्व स्पष्ट करा' हाच प्रश्न येतो, आणि मुलं त्याचं उत्तर छान लिहितात. मी मार्कही देतो. पण रविवारी गावी गेल्यावर शेजारचा कुणी घडी घातलेला कागद घेऊन येतो आणि म्हणतो, ''एवढं जरा बघ रं, काय लिवलंय,'' तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून तो कागद बारीक अक्षरापर्यंत वाचून सांगतो तो माझा विद्यार्थी पास.